चांद्याचे कन्नमवार

मारोतराव सांबशिव कन्नमवार यांचा जन्म 10 जानेवारी 1900 चा. त्या दिवशी चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता आणि वऱ्हाड अजून त्या प्रांताला जोडलेलेही नव्हते. पुढे वऱ्हाड जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, 1 नोव्हेंबर 1956 ला आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. राज्ये अशी बदलत गेली, पण कन्नमवारांची जमीन तीच राहिली. चांदा जिल्ह्यातून निवडून येऊन ते आधी नागपूरच्या आणि मग मुंबईच्या विधानसभेत गेले. तीन राज्यांत ते आमदार होते आणि तिन्ही राज्यांत मंत्री होते. 20 नोव्हेंबर 1962 ला ते महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. वर्ष उलटून चार दिवस होतात न होतात तोच, 24 नोव्हेंबर 1963 ला, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला एवढेच ठाऊक असते, कित्येकदा एवढेही नसते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची नावे घेताना यशवंतराव चव्हाणांवरून आपण थेट वसंतराव नाईकांवर येतो. मधले नाव पटकन आठवत नाही. मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगर आहे, तिथे हजारो कुटुंबे राहतात. पत्त्यात हे नाव रोज लिहिणाऱ्या किती जणांना ते चांद्याच्या एका माणसाचे आहे हे माहीत असेल? नागपूरला नंदनवन भागात कर्मवीर दादासाहेब कन्नमवार, म्हणजे याच मारोतरावांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यार्थी त्याला ‘केडीके’ म्हणतात आणि त्या तीन अक्षरांत माणूस हरवून जातो. मूलला त्यांच्या नावाचे सभागृह आहे. चामोर्शी तालुक्यात रेगडीजवळ दिना नदी अडवून केलेल्या जलाशयालाही त्यांचेच नाव आहे. ज्या सावली मतदारसंघातून ते 1962 साली निवडून आले, तो मात्र आता नकाशावरच नाही. 2008 च्या पुनर्रचनेत सावली तालुका ब्रह्मपुरीला जोडला गेला आणि मूल बल्लारपूरला.

पुढच्या पानांचा विषय हा माणूस आहे. तरी वाचकाने त्याच्याआधी तो जिल्हा समजून घ्यावा असे मला वाटते. चांद्याच्या कोणत्याही लोकप्रतिनिधीचे आयुष्य त्या जंगलावाचून कळत नाही. कन्नमवारांवर आजवर जे सांगितले-लिहिले गेले त्यात हे जंगल फार मागे, पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखे राहिले आहे.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून. 26 ऑगस्ट 1982 ला तो विभागला गेला. त्याआधी सुमारे पंचवीस हजार आठशे चौरस किलोमीटरचा हा एकच जिल्हा होता. गोव्याएवढी सात राज्ये त्यात मावली असती. पश्चिमेला वरोऱ्याकडे काळी, कापसाची जमीन. मधे मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीचा धानाचा पट्टा आणि त्यात पसरलेले तलाव. वैनगंगा ओलांडली की झाडी दाट होत जाते, आणि मग एटापल्ली, भामरागड, सिरोंच्यापर्यंत जंगलच. त्याच्या कडेला प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी. राजुरा तालुका तर निजामाच्या राज्यातून, आदिलाबाद जिल्ह्यातून आलेला, आणि चांद्याला जोडला गेला तो 1959 साली. मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया, छत्तीसगडी, बंगाली अशा भाषा एका जिल्ह्याच्या कचेरीत बोलल्या जात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही तुटतो. 1952 साली त्या बाजूच्या माणसाला चांद्याला येऊन कलेक्टरपुढे उभे राहायचे तर आधी वाट शोधावी लागत असे.

या जिल्ह्यात जमीनधाऱ्याच्याही दोन तऱ्हा होत्या. धानाच्या पट्ट्यात मालगुजारी, जंगलाच्या पट्ट्यात जमीनदाऱ्या. अहेरीची जमीनदारी त्यांत सगळ्यांत मोठी. मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने 1950 साली कायदा करून ही दोन्ही नाती संपवली आणि 31 मार्च 1951 पासून गावे, तलाव आणि जमीनदारीतली जंगले सरकारकडे आली. धानपट्ट्यातले मालगुजारी तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले. त्याचे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, राखलेल्या या तलावांचे गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे हे आता कोणी करायचे, याचे उत्तर सरकारकडे लगेच नव्हते. जंगलातून सरपण, बांबू, गवत, मोहफूल आणण्याचा निस्ताराचा हक्क कागदावर लिहिला गेला. तो कागद मात्र वनखात्याच्या हाती राहिला.

पहिली सार्वत्रिक निवडणूक आली ती यानंतर वर्षभराच्या आतच. माझ्या मते चांद्याच्या राजकारणाची गुरुकिल्ली इथे आहे. कालपर्यंत मालगुजाराच्या वाड्यावर किंवा जमीनदाराच्या दरबारात गाऱ्हाणे नेणारा माणूस आज मतदार झाला होता. त्याला गाऱ्हाणे नेण्यासाठी एक दार हवे होते. तलाव फुटला, पटवाऱ्याने नाव चढवले नाही, रोपवनात बैल शिरले म्हणून गार्डाने दंड केला, दवाखान्यात औषध नाही, तर सांगायचे कोणाला? ते दार आमदाराचे झाले. मतदाराच्या लेखी कायदे करणे हे त्याचे दुय्यम काम होते. सरकारी कचेरी आणि गाव यांच्यात त्याने उभे राहावे ही पहिली अपेक्षा होती. महाराष्ट्रात इतरत्र हे काम पुढे सहकारी साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक यांनी वाटून घेतले. चांद्यात ऊस नव्हता आणि सहकाराचे तसे जाळेही नव्हते. इथे आमदारावरचा भार वाटून घ्यायला कोणी नव्हते.

कन्नमवार या दारात येऊन उभे राहिले ते कोणत्याही वाड्यातून नव्हे. दगड-मातीच्या कामावर पोट भरणाऱ्या बेलदार समाजातला त्यांचा जन्म. घरची गरिबी. त्यांनी पोरवयात वर्तमानपत्रे विकली. महाविद्यालयाची पायरी ते चढले नाहीत. काँग्रेसच्या कामात शिरले, सत्याग्रह केले, तुरुंगात गेले. पत्नी गोपिकाबाई यांनी खानावळ चालवून घर सांभाळले, हे चंद्रपुरात जुनी माणसे आजही आदराने सांगतात. नवरा सार्वजनिक कामात आणि बायको चुलीपुढे, अशी त्या काळातली कितीतरी घरे होती. पण गोपिकाबाईंची हकीकत इथेच संपत नाही. ती पुढे एका वेगळ्या वळणावर येते.

गरिबीच्या या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. फक्त त्या सांगून झाल्या की माणूस समजला असे आपल्याला वाटू लागते, आणि कन्नमवारांवर त्याने मोठा अन्याय झाला आहे. वर्तमानपत्र विकणारा मुलगा मुख्यमंत्री झाला, हे वाक्य ऐकायला सुंदर आहे. मधल्या चाळीस वर्षांत त्या मुलाने काय केले, ते त्यात येत नाही. नागपूर प्रांताची काँग्रेस म्हणजे तेव्हा बॅरिस्टर अभ्यंकरांसारख्या वकिलांची, नागपूरच्या शिकल्यासवरल्या आणि पैसेवाल्या मंडळींची. त्यात चांद्याचा, बिनपदवीचा, बेलदाराचा मुलगा प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष होतो आणि त्या पदावर टिकतो, हे साधेपणाने होत नाही. त्याला माणसे ओळखावी लागतात, तालुक्यातालुक्यातली भांडणे ठाऊक असावी लागतात, कोणाला कधी जवळ करायचे आणि कोणाला कधी थांबवायचे हे कळावे लागते. कन्नमवार हे मुरलेले संघटक होते. साधे राहणे आणि राजकारण जाणणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. विदर्भाच्या त्या पिढीने ते दाखवून दिले आहे.

मध्य प्रदेशात रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य खाते आले. हिंदी भाषक महाकोशल आणि मराठी भाषक विदर्भ यांची ती जोडी कधी मनाने जुळली नव्हती. चांद्यासारख्या टोकाच्या जिल्ह्याला तर ती आणखी दूरची वाटे. मग राज्य पुनर्रचनेचे वारे सुरू झाले. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. 1955 साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. दिल्लीने ती मानली नाही आणि आठ जिल्हे मुंबईत गेले. नागपूरची राजधानी गेली. चांद्याच्या माणसाला मंत्र्याला भेटायचे तर पूर्वी नागपूरपर्यंत जाणे पुरत असे, आता मुंबई गाठणे आले. नागपूर करारातल्या शब्दाप्रमाणे 1960 पासून वर्षातले एक अधिवेशन नागपुरात होऊ लागले, ते या तुटलेपणावरचे औषध म्हणून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर कन्नमवार मुख्यमंत्री कसे झाले हे कळत नाही. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जवळजवळ धुऊन काढले. यशवंतरावांचे सरकार टिकले ते गुजरात, मराठवाडा आणि विदर्भाच्या आमदारांवर. म्हणजे ज्या विदर्भाला वेगळे राज्य हवे होते, त्याच विदर्भाच्या आमदारांनी द्विभाषिकाचा आणि पुढे महाराष्ट्राचा डोलारा सावरून धरला. या ओझ्याची जाणीव यशवंतरावांना होती. नागपूर प्रांताच्या काँग्रेसवर हुकमत असलेला माणूस त्यांच्या मंत्रिमंडळात पहिल्या रांगेत असणे ही सत्तेची गरज होती. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनचे आक्रमण झाले, कृष्ण मेननांना जावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. तेव्हा महाराष्ट्राची धुरा कन्नमवारांकडे आली. त्यांच्या मृत्यूनंतर बाळासाहेब सावंतांनी दहा दिवस हंगामी कारभार पाहिला आणि मग पुसदचे वसंतराव नाईक आले. ते दहा दिवस सोडले तर 1962 ते 1975 ही सलग बारा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद विदर्भाकडे होते. त्याची सुरुवात चांद्यापासून झाली. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा करताना ही बारा वर्षे सहसा कोणी मोजत नाही. ती मोजली पाहिजेत, कारण सत्ता आपल्या माणसाकडे असूनही काय झाले आणि काय झाले नाही, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मुख्यमंत्रिपदाचे त्यांचे वर्ष आणीबाणीचे होते. 21 नोव्हेंबरला, म्हणजे त्यांनी सूत्रे घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, चीनने एकतर्फी युद्धविरामाची घोषणा केली. तरी देश त्या धक्क्यातून बाहेर आला नव्हता. संरक्षण निधी, सोने, धान्य, नागरी संरक्षण यांतच राज्याचे बरेच लक्ष गेले. 1 मे 1962 ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या नुकत्याच पाय टाकू लागल्या होत्या. शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे जात होते. आमदारासारखेच आणखी एक दार गावाच्या जवळ उघडत होते. हा बदल कन्नमवारांना पुरता पाहता आला नाही. एका वर्षावरून मुख्यमंत्र्याला जोखणे मला मान्य नाही. त्यांच्या कारकिर्दीवर निकाल देण्यापेक्षा त्यांनी आधीची दहा वर्षे ज्या खात्यांत घालवली ती पाहावीत, असे मी म्हणेन. आरोग्य, आणि महाराष्ट्र झाल्यावर इमारती व दळणवळण. दवाखाना आणि रस्ता. चांद्यासारख्या जिल्ह्यात सरकार दिसते ते याच दोन रूपांत, आणि तिसरे रूप म्हणजे वनखात्याचा गार्ड.

रस्त्यांबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण जंगलातला रस्ता हा साधा विषय नाही. आलापल्लीच्या सागाला फार जुन्या काळापासून नाव आहे. ते लाकूड कूपातून निघून बल्लारशाच्या आगारापर्यंत यायचे. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यापर्यंत जायचा. जंगलात जे रस्ते होते ते या मालासाठी, उन्हाळी वाहतुकीपुरते. गाव त्या रस्त्यावर असले तर नशीब. पाऊस पडला की रस्ता संपायचा. बारमाही रस्ता, नदीवर पूल, पुलापलीकडे दवाखाना हे माणसांसाठी करायचे तर त्यासाठी पैसा वेगळ्या खात्यातून आणि वेगळ्या विचाराने यावा लागतो. वनखात्याचा रस्ता लाकूड बाहेर काढण्यासाठी असतो. सार्वजनिक रस्ता डॉक्टर, मास्तर आणि बाजार आत नेण्यासाठी असतो. दोघांची दिशा उलट आहे. चांद्याचा माणूस दळणवळण खात्याचा मंत्री असणे याला म्हणूनच अर्थ होता. आज गडचिरोलीतल्या बारमाही रस्त्यांचे श्रेय कोणाला द्यायचे यावर वाद होतील. नक्षलवादाच्या काळात रस्त्यावरूनच किती रक्त सांडले हेही आपण जाणतो. आणि गडचिरोली शहरापर्यंत आगगाडी न्यायचे वडसा-गडचिरोली लोहमार्गाचे काम एकविसाव्या शतकाचे पहिले पाव शतक सरले तरी चाललेलेच आहे.

दिना प्रकल्पाची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. गडचिरोली जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही, नद्यांना तोटा नाही, पण सिंचन अगदी थोडे. त्यातला पूर्ण झालेला प्रकल्प म्हणून दिनाचे, म्हणजे कन्नमवार जलाशयाचे नाव घेतले जाते. तो झाला, कारण तो 1980 च्या आधी झाला. त्या वर्षी वन संवर्धन कायदा आला आणि जंगलातली जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागू लागली. तुलतुली, कारवाफा, चेन्ना हे प्रकल्प त्या परवानगीत अडकून पडले. जंगल राखणारा कायदा वाईट होता असे मला म्हणायचे नाही. तो नसता तर या दोन जिल्ह्यांत आज काय उरले असते कोण जाणे. पण ज्यांनी जंगल राखले त्यांच्याच शेताला पाणी मिळू नये, आणि खाणीसाठी मात्र तेच जंगल मोकळे व्हावे, हे तिथल्या माणसाला कसे पटावे? जलाशयाला कन्नमवारांचे नाव आहे म्हणून हा प्रश्न त्यांच्या चरित्रात येतो. त्यांच्या पिढीने विकास आणि जंगल यांच्यात फार मोठा विरोध पाहिला नव्हता. पुढच्या पिढ्यांना तो रोज पाहावा लागला.

आणि इथे चरित्रनायकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कन्नमवार हे धानपट्ट्याचे आणि चांदा शहराचे नेते होते. वैनगंगेपलीकडचा गोंड, माडिया, परधान माणूस त्यांच्या राजकारणात होता, पण मधोमध नव्हता. त्या काळच्या साऱ्याच काँग्रेस नेत्यांप्रमाणे आदिवासींचा प्रश्न म्हणजे शाळा, दवाखाना, रस्ता पोचवण्याचा प्रश्न, अशीच त्यांची समजूत होती. जंगलावर कोणाचा हक्क, हा प्रश्न विधानसभेत नीट विचारला गेला नाही. तो दुसऱ्या माणसांनी विचारला.

1962 सालीच, कन्नमवार सावलीतून निवडून आले त्याच निवडणुकीत, चांद्याच्या लोकसभेच्या जागेवर काँग्रेस हरली. जिंकले ते लाल श्याम शाह, पानाबरसच्या गोंड जमीनदार घराण्यातले, अपक्ष म्हणून. पानाबरस आता छत्तीसगडात आहे, पण त्या बाजूच्या जमीनदाऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांद्यातच होत्या. राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या तरी गोंडांची नाती बदलली नव्हती. लाल श्याम शाहांनी 1964 साली लोकसभेचा राजीनामा दिला. आदिवासींच्या जमिनीचे आणि जंगलाचे जे चालले होते ते पाहून त्यांनी ती जागा सोडली. एका माणसाने खासदारकी सोडावी आणि देशाला त्याची खबरही नसावी, हे दुःखद आहे. चांद्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो राजीनामा वाचकापुढे ठेवला पाहिजे. आमदारकी, खासदारकी टिकवण्याच्या असंख्य कथा आपल्याकडे आहेत. ती का सोडली याची कथा याच जंगलातून आली आहे.

त्या रिकाम्या जागी पोटनिवडणूक झाली आणि निवडून आल्या गोपिकाबाई, म्हणजे ताई कन्नमवार. खानावळ चालवून घर जगवणारी ही बाई पतीच्या निधनानंतर काही महिन्यांतच लोकसभेत गेली. चांद्याच्या सार्वजनिक इतिहासातला हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. एका बाजूला जंगलातून आलेल्या गोंड नेत्याचा राजीनामा, दुसऱ्या बाजूला शहरातल्या गरीब घरातून आलेल्या विधवेची खासदारकी. दोघांचा मतदारसंघ एकच. दोघांनाही आपापल्या परीने हा जिल्हा दिल्लीपुढे मांडायचा होता. त्यांच्या पुढच्या आयुष्यांवर फारच थोडे लिहिले गेले आहे. गोपिकाबाईंवर तर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. त्यांना नुसते ‘कन्नमवारांच्या पत्नी’ म्हणून एका परिच्छेदात संपवणे मला बरोबर वाटत नाही.

यानंतर या दोन जिल्ह्यांतून आलेली माणसे आणखी वेगवेगळ्या तऱ्हेची आहेत. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव विधानसभेत आणि 1977 साली जनता पक्षाकडून लोकसभेत गेले. जुन्या जमीनदारीचा मान त्यांच्या मागे होता. लोक त्यांना मत देत तेव्हा त्यात आमदार निवडण्यापेक्षा राजाला मान देण्याचा भाग किती होता, हे सांगणे कठीण आहे. पण त्याच राजांनी वेगळ्या विदर्भाचा झेंडा खांद्यावर घेतला. 1980 नंतर गोदावरीवरच्या इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचा लढा उभा राहिला, तेव्हा बाबा आमट्यांच्या बरोबर तेही रस्त्यावर उतरले. ती धरणे झाली नाहीत. सिरोंचा आणि भामरागडचे जे जंगल, ज्या वस्त्या बुडणार होत्या त्या वाचल्या. विधानसभेतल्या भाषणापेक्षा लोकप्रतिनिधीने लोकांबरोबर उभे राहणे कधी जास्त कामाचे ठरते, याचे हे चांद्यातले उदाहरण. चार दशकांनी मेडीगड्ड्याचा बंधारा झाला आणि सिरोंच्याच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत पाणी शिरू लागले, तेव्हा तसा आवाज उठवणारे कोणी उरले नव्हते. शांताराम पोटदुखे 1980 पासून सलग चार वेळा खासदार झाले, केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले आणि चंद्रपुरात सरदार पटेल महाविद्यालयासारखी संस्था मागे ठेवून गेले. त्यांचा मार्ग शिक्षणाचा होता. 2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले, त्याला अशा महाविद्यालयांचा आधार मिळाला.

आणि जंगलाच्या हक्काचा जो प्रश्न कन्नमवारांच्या काळात विधानसभेत नीट विचारला गेला नाही, त्याचे उत्तर शेवटी आमदार-खासदारांच्या हातून पुरते आले नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेत बसून, एकमताने निर्णय घेत, ते शोधले. 2006 चा वनहक्क कायदा संसदेने केला खरा. पण 2009 साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत मेंढा आणि मर्दा ही गडचिरोलीची गावे होती, आणि त्यांच्यामागे गावाची कितीतरी वर्षांची तयारी होती. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार गावाच्या हाती आले. ज्या बांबूसाठी एकेकाळी गार्डाची मिनतवारी करावी लागे, तो गाव स्वतः विकू लागले. 1951 च्या निस्तार हक्काच्या कागदापासून इथवर यायला साठ वर्षे लागली. या साठ वर्षांत चांद्याने एक मुख्यमंत्री दिला, केंद्रात आणि राज्यात किती तरी मंत्री दिले. तरी हा एक हक्क मिळवायचा तर गावालाच सरकार व्हावे लागले, याचा विचार या जिल्ह्यांच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने करायला हवा.

मग कन्नमवारांचे काय उरते, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की त्यांनी पहिले दार उघडले. मालगुजार गेल्यावर गावाने कोणाकडे जायचे, याचे उत्तर एका बेलदाराच्या मुलाने स्वतः उभे राहून दिले. जात लहान, घर गरीब, पदवी नाही, तरी माणूस राज्य चालवू शकतो, हे 1962 साली महाराष्ट्राने मान्य केले. पुढे विदर्भातल्या बहुजन आणि भटक्या समाजांतल्या कितीतरी तरुणांनी राजकारणात पाय टाकला, त्यांच्या मनात हे उदाहरण होते. ही गोष्ट पुतळ्यांपेक्षा आणि पाट्यांपेक्षा मोठी आहे. त्या दारातून जंगलातला माणूस आत यायला आणखी वेळ लागला, आणि त्यासाठी लाल श्याम शाहांचा राजीनामा, राजे विश्वेश्वररावांचे आंदोलन आणि मेंढ्याची ग्रामसभा यांची गरज पडली. हे सगळे एकाच इतिहासाचे भाग आहेत. एकाला दुसऱ्यापासून तोडून वाचले की कन्नमवार केवळ गौरवाचे होतात, नाहीतर केवळ टीकेचे.

राहिली गोष्ट पुराव्याची. आपल्याकडे आमदाराचे चरित्र आठवणींवर लिहिले जाते. आठवणी प्रेमळ असतात आणि त्या हव्यातही. पण आमदाराचे खरे काम छापील स्वरूपात पडून असते, ते विधानमंडळाच्या कामकाजाच्या खंडांत. कोणता प्रश्न कोणत्या तारखेला विचारला, मंत्र्याने काय उत्तर दिले, पुरवणी प्रश्नात काय निघाले, अर्थसंकल्पावर बोलताना जिल्ह्याचे कोणते काम पुढे केले, कोणत्या कपात सूचनेला पाठिंबा दिला, हे सगळे तिथे आहे. मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशा तीन विधानसभांची ही कामकाजे एकत्र लावून चांद्याच्या प्रश्नांची यादी करणे हे काम एखाद्या तरुण अभ्यासकाने हाती घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. गोंडवाना विद्यापीठात, चंद्रपूरच्या महाविद्यालयांत इतिहास आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी हा घरचाच विषय आहे. मामा तलाव, निस्तार, पूल, दवाखाने, बांबूचे दर यांबद्दल 1952 पासून काय विचारले गेले आणि काय विचारलेच गेले नाही, हे त्यातून कळेल. पुढची पाने वाचताना वाचकानेही प्रत्येक प्रसंगापाशी हे दोन प्रश्न मनात ठेवावेत.